माफ केलंच पाहिजे का?

कोरा कागद

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाद घालायला सोपं: क्षमा करणं कोणावरही बंधनकारक असू नये. जो करतो त्याचं कौतुक जरूर करा, जो करत नाही त्याला नावं ठेवू नका.

विषय घरातूनच निघाला. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने धंद्यासाठी कर्ज काढलं, जामीन मी राहिले. हप्ते थकलेत हे मला बँकेच्या नोटिशीतून कळलं. त्या सगळ्या महिन्यांत आमचं फोनवर नेहमीसारखं बोलणं होतं, तब्येती, मुलांच्या परीक्षा, सगळं. पैसे मी भरले, तो हिशेब मनातून सोडलाय. पण 'माझं चुकलं' एवढं काही त्याच्या तोंडून आलेलं नाही. 'तेव्हा परिस्थितीच तशी होती' हे मात्र पुष्कळदा ऐकलं. आता नातेवाईक माझ्या मागे लागलेत. मोठ्या मनाची हो. किती ताणशील. शेवटी रक्ताचं नातं आहे. त्याच्याकडे जाऊन 'एकदा तिची माफी माग' म्हणणारा त्यांच्यात एकही नाही.

मी त्याचं वाईट चिंतत नाही. भेटला की बोलते, उद्या अडलं तर मदतही करेन. पण माफ केलंय असं म्हणता येत नाही, कारण केलेलं नाही. आणि एवढ्यावरून मी कोत्या मनाची ठरते.

भावाचं काय करायचं यावर सल्ले नकोत. प्रश्न एवढाच: फसवणं, खोटं बोलणं जसं नैतिकदृष्ट्या चूक, तसं माफ न करणं हेही चूक आहे का?

बंडूनाना

सल्ले नकोत असं लिहिलंय, म्हणजे आता सल्ल्यांचा पाऊस पडणार. रुमाल टाकून जागा धरतोय.

सुनंदा_क

ताई, सोडून द्या. त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी. राग धरून ठेवला की त्रास आपल्यालाच होतो, समोरच्याला पत्ताही नसतो. मी हे अनुभवलंय. माफ केल्यावर रात्री शांत झोप लागते.

बंडूनाना

आला पहिला थेंब.

तर्कट

सुनंदा_क, झोप लागते हे मान्य. पण विचारलंय काय? कर्तव्य आहे का, असं. रोज व्यायाम केला तरी झोप लागते. नाही केला तर माणूस आळशी ठरेल, अनैतिक नाही.

'स्वतःसाठी माफ करा' हे समुपदेशकांचं लाडकं वाक्य मला मुळातच गडबडीचं वाटतं. स्वतःसाठी आपण करतो ते राग सोडणं. त्याला समोरचा माणूस लागतही नाही, तो मेलेला असला तरी चालतं. क्षमा म्हणजे 'तू हे केलंस, ते चूक होतं, आणि तरी यापुढे मी ते तुझ्या खात्यावर धरणार नाही.' यातला 'ते चूक होतं' हा भाग गळला की उरतं ते नुसतं दुर्लक्ष.

इंग्लंडमधले जोसेफ बटलर हे धर्मोपदेशक. त्यांची प्रवचनं १७२६ साली छापली गेली, त्यात एक संतापावर आहे आणि त्याला लागूनच एक क्षमेवर. अन्यायाचा राग येणं स्वाभाविक आहे, समाजाला ते उपयोगाचंही आहे, टाळायचा तो सूड आणि द्वेष, असं त्यांचं म्हणणं. धर्मपीठावरून बोलणाऱ्या माणसानेही 'राग येऊच देऊ नका' असं सांगितलेलं नाही. या हिशेबाने धागाकर्तीने करण्यासारखं सगळं करून झालंय. सूड नाही, वाईट चिंतणं नाही. नातेवाइकांना आणखी काय हवंय, स्टॅम्पपेपरवर लिहून?

मैथिली_२०

+१. स्टॅम्पपेपरला तर जास्तच.

पिंपळपान

माझे वडील प्यायचे आणि आईला मारायचे. आम्ही भावंडं आतल्या खोलीत रेडिओचा आवाज वाढवून बसायचो. पुढे ते अंथरुणाला खिळले तेव्हा आई गेलेली होती आणि करणारी मी एकटीच. अंघोळ, औषधं, एक दिवसाआड दाढी. गालाला साबण लावला की ते आपोआप हनुवटी वर करायचे आणि डोळे मिटायचे. गळ्यावरून ब्लेड फिरवताना मला दर वेळी वाटायचं, यांना माझी भीती कशी वाटत नाही?

लोक म्हणतात, माफ केलंस म्हणूनच एवढं केलंस. तसं नाही. आजारी माणसाचं करणं हे मी कर्तव्य मानलं आणि निभावलं. माफी कधी त्या यादीत नव्हती. शिवाय त्यांनी मारलं आईला. मी कोण माफ करणारी?

सुनंदा_क

पिंपळपान, वाचून गलबलून आलं. तुम्हाला कळलं नसेल पण तुम्ही माफ केलं होतं.

पिंपळपान

सुनंदाताई, राग मानू नका, पण हेच ते. मी काय केलं ते मला माहीत आहे.

घुबड

पिंपळपान यांचं 'मी कोण माफ करणारी' हे वाक्य या धाग्यातलं आतापर्यंतचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. (लांबलचक लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी खाली सरकावं.)

सायमन विझेन्थाल हे ज्यू. नाझींच्या छळछावणीत कैदी असताना त्यांना हिटलरच्या एसएस दलातल्या एका मरणपंथाला लागलेल्या सैनिकाच्या खाटेपाशी नेण्यात आलं. सैनिकाचं सगळं अंग बँडेजमध्ये. त्याने आपल्या हातून ज्यूंना घरात कोंडून घर पेटवून देण्याचं जे कृत्य घडलं ते सांगितलं, आणि म्हणाला, मला एका ज्यू माणसाकडून क्षमा हवी आहे, त्याशिवाय शांतपणे मरता येणार नाही. विझेन्थाल काही न बोलता उठून गेले. पुढे त्यांनी ही हकीगत लिहिली, 'मी चुकलो का?' असं विचारलं आणि लेखक, धर्मज्ञ, विचारवंत अशा अनेकांची उत्तरं त्याच पुस्तकात छापली. एकमत झालेलं नाही. कोणी म्हटलं, करुणा दाखवायला हवी होती. पण अनेकांनी पिंपळपान यांचाच मुद्दा मांडला: जे जळून मेले त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जिवंत असलेल्या तिसऱ्याला कोणी दिला?

आता याची उलट बाजू. एव्हा मोझेस कोर आणि त्यांची जुळी बहीण, दोघींवर ऑशविट्झच्या छळछावणीत लहानपणी मेंगेले या नाझी डॉक्टरने प्रयोग केले. एव्हाबाईंनी १९९५मध्ये त्याच ठिकाणी उभं राहून नाझींना क्षमा केल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या नावाने, इतर कोणाच्याही नाही, हे त्या प्रत्येक वेळी बजावून सांगत. तरी छळातून वाचलेले बरेच जण त्यांच्यावर संतापले. २०१५मध्ये ऑशविट्झमध्ये हिशेबनीसाचं काम केलेल्या ग्र्योनिंगवर खटला चालला, तेव्हा त्या स्वतः सहफिर्यादी होत्या आणि कोर्टात दोघांची गळाभेट झाली. इतर सहफिर्यादींनी लगेच निवेदन काढून आपण त्यांच्यासोबत नाही हे स्पष्ट केलं.

मला यात एक गोष्ट लक्षात येते. क्षमा हे कर्तव्य असतं, तर न करणारे ते संतप्त लोक दोषी ठरले असते. तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण म्हणून एव्हाबाईंना क्षमा करायला मनाई होती, असंही म्हणवत नाही. म्हणजे जे ना बंधन ना मनाई, त्या वर्गातली ही गोष्ट असावी.

बंडूनाना

घुबड रात्री जागून लिहितात हे नावावरून कळत होतंच. वाचनखूण साठवली.

वाटसरू

मी जरा उलट्या बाजूने बोलतो, कारण धागा फारच एकमताने चाललाय.

शिक्षा भोगून सुटलेल्यांना परत उभं राहायला मदत करणाऱ्या एका लहान गटात मी आहे. त्यातल्या काहींच्या बाबतीत, सगळ्यांच्या नाही, मी शपथेवर सांगेन की आतून माणूस बदललाय. बारीकसारीक गोष्टींतून कळतं. एकाला मी 'तुझी बाजू सांग' म्हटलं, तर म्हणाला, 'माझी बाजू नाही.' अशा माणसाने कळवळून क्षमा मागितली आणि समोरच्याने जन्मभर 'नाही' म्हटलं, तर त्या 'नाही'मध्ये काहीच वावगं नाही का? मला वाटतं आहे.

हे माझ्या मनचं नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मैमोनिडीस यांनी पश्चात्तापाचे नियम लिहून ठेवलेत. अपराध्याने आधी नुकसान भरून द्यायचं, मग जाऊन क्षमा मागायची. नाही मिळाली तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा जायचं. असं तीनदा करूनही समोरचा बधला नाही, तर त्याचा नाद सोडायचा. आता पाप न बधणाऱ्याचं. (समोरचा गुरू असेल तर मात्र हजार वेळा जायचं.) मला हा नियम फार शहाणा वाटतो, कारण त्यात क्रम आहे. आधी भरपाई, मग मागणी, आणि सगळ्यात शेवटी दुखावलेल्यावर जबाबदारी. धागाकर्तीच्या भावाने पहिली पायरीही चढलेली नाही, म्हणजे त्यांच्यावर या नियमाने काहीच बंधन येत नाही. पण 'कोणावरही, कधीही बंधन नाही' हे त्यांचं मत मला फार सरसकट वाटतं.

तर्कट

वाटसरू, एक विचारतो. तुमच्या गटातला तो बदललेला माणूस पीडिताच्या घरी जाऊन क्षमा मागू शकतो का?

वाटसरू

नाही. पीडिताने स्वतःहून तयारी दाखवली तरच, आणि तेही मध्यस्थामार्फत. अशा कामातला हा पहिलाच नियम. एकाने पत्र लिहिलं होतं, चार पानी, ते आमच्या फायलीतच आहे.

तर्कट

मग झालं की! तुमचाच नियम म्हणतो की त्या घरावर साधं ऐकून घेण्याचंही बंधन नाही, आणि तुम्ही म्हणताय क्षमा करण्याचं आहे.

वाटसरू

नियम कोणावर जबरदस्ती करू नये म्हणून आहे. जबरदस्ती करता येत नाही अशी पुष्कळ कर्तव्यं असतात. कृतज्ञता घ्या. उपकारकर्त्याला दोन शब्द न बोलणाऱ्याला कोणी दंड करत नाही, पण तो चुकतो एवढं आपण म्हणतोच.

तर्कट

हा मुद्दा बरा आहे. विचार करून लिहितो.

बंडूनाना

तर्कट विचार करून लिहिणार! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मैथिली_२०

इतक्या लांब जायची गरज नव्हती, महाभारतात हा वाद आहेच. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला झापते, की तुम्हाला राग येत नाही कसा? आणि प्रल्हादाने आपल्या नातवाला, बळीला, सांगितलेलं ऐकवते: 'न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा'. सतत कठोरपणाही बरा नाही, सतत क्षमाही नाही. पुढे सोयीस्कर तपशीलही आहे. पूर्वी उपकार केलेल्याचा अपराध सोडावा, अजाणतेपणी केलेला सोडावा, पहिला अपराध सोडावा. दुसरा मात्र लहान असला तरी सोडू नये. आणि जाणूनबुजून करून 'चुकून झालं' म्हणणाऱ्याला तर मुळीच सोडू नये. कोरा कागद, 'परिस्थितीच तशी होती' यातच बसतं बघा.

त्यावर युधिष्ठिर क्षमेचं भलंमोठं स्तोत्र म्हणतो, ही गोष्ट वेगळी.

सुनंदा_क

पण त्याच द्रौपदीने स्वतःची पाच मुलं मारणाऱ्या अश्वत्थाम्याला सोडायला लावलं ना? माझ्यासारखी त्याची आई रडायला नको म्हणून. क्षमेचं याहून मोठं उदाहरण नाही.

मैथिली_२०

ते भागवतातलं. महाभारतातल्या सौप्तिकपर्वात ती त्याच्या मरणाची मागणी करत प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्न सोडून मरायला, बसते, आणि शेवटी त्याच्या मस्तकावरचा मणी आणल्यावर उठते. दोन्ही द्रौपद्या आपल्याच, पण क्षमा हवी असली की लोक नेमकी भागवतातली उचलतात.

सुनंदा_क

मी एक साधी गोष्ट सांगायला आले होते. पहिल्या प्रतिसादापासून तर्कट, आता तुम्ही, सगळे फाडून खाताय. तुम्हा हुशार लोकांचं चालू द्या.

बंडूनाना

अरे बापरे. आता तर्कट यांनी सुनंदाताईंची माफी मागावी. मागितली तर सुनंदाताईंवर माफ करायचं बंधन येतं का, हे वाटसरू सांगतील. तीन मित्र लागले तर मी येतो.

तर्कट

या धाग्यावरील माझ्या विधानांमुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो. माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला.

(ही गंमत. सुनंदाताई, व्यायामाचं उदाहरण टोचून लिहिलं होतं, तसं लिहायला नको होतं. सॉरी.)

सुनंदा_क

विचार करून सांगते.

बंडूनाना

क्या बात! धाग्याचा विषय कोणाला कळला असेल तर तो सुनंदाताईंना.

गोळीवाला

कंसाबाहेरच्या माफीनाम्यावरून आठवलं. अवांतर आहे, पण अगदीच नाही. आमच्या डॉक्टरी व्यवसायात काही चुकलं तर 'सॉरी म्हणू नका, कोर्टात कबुली धरली जाईल' असं वकील बजावतात. म्हणून काही ठिकाणी कायदेच केलेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६मध्ये केला, की दिलगिरी व्यक्त केली तर ती दोषाची कबुली म्हणून वापरता येणार नाही. कल्पना चांगली. पण मला एक शंका कायम वाटते: जिची काहीच किंमत मोजावी लागत नाही ती माफी ऐकणाऱ्याला माफीसारखी वाटते का? मी रुग्णाच्या नातेवाइकांसमोर बसलोय अशा वेळी. ते शब्द ऐकत नाहीत, चेहरा बघतात. आपण घड्याळाकडे नजर टाकली तरी संपलं.

नवखा

स्वतःला माफ करण्याबद्दल कोणी बोललं नाही. ते कर्तव्य आहे का?

तर्कट

वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो.

नीलकांती

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते वाटसरूंच्या 'तीनदा'साठी.

माझा पहिला नवरा तीनदा नाही, प्रत्येक वेळी माफी मागायचा. रडायचा, पाया पडायचा, एकदा माझ्या वडिलांना मध्यस्थीला घेऊन आला. म्हणजे तुमचे मित्रही झाले. आणि मी माफ करायचे, कारण न करणं म्हणजे दुष्टपणा हे मला लहानपणापासून शिकवलेलं. क्षमा हे कर्तव्य आहे हे ज्याला पक्कं माहीत असतं ना, त्याच्या हातात फार सोपी किल्ली असते. काहीही करायचं, मग रडायचं, आता पाळी तुमची.

जेम्स मॅकनल्टी या मानसशास्त्रज्ञाचा २०११चा अभ्यास मी नंतर वाचला. लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत जोडप्यांवर नजर ठेवली होती. ज्यांची माफ करण्याची प्रवृत्ती जास्त, त्यांच्या जोडीदाराचा मानसिक आणि शारीरिक त्रास तसाच चालू राहिला. जे सहज माफ करत नव्हते, त्यांचा कमी होत गेला. सगळ्या लग्नांना हे लागू आहे असं मी म्हणत नाही. माझ्या लग्नाला होतं.

वाटसरू

नीलकांती, तुमच्याशी वाद घालायची इच्छा नाही, पण मैमोनिडीस यांची बाजू अर्धीच मांडली गेली माझ्याकडून. पुरता पश्चात्ताप कशाला म्हणायचं तेही त्यांनी सांगितलंय: तीच परिस्थिती पुन्हा समोर आली, करण्याची ताकदही आहे, तरी केलं नाही, तो पश्चात्ताप. रडणं हा पुरावा नाही. तुमचा नवरा या कसोटीवर पहिल्याच आठवड्यात नापास.

नीलकांती

कसोटी उत्तम आहे. पण ती घ्यायची म्हणजे मी पुन्हा त्याच घरात, त्याच परिस्थितीत राहायचं. परीक्षा त्याची आणि फी माझी.

पिंपळपान

नीलकांती, __/\__

वाटसरू

याला माझ्याकडे उत्तर नाही.

घुबड

कर्तव्याच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण येणारच, म्हणून आधीच लिहितो. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांसाठी नेमलेला सत्य आणि सलोखा आयोग, १९९५चा कायदा, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. सगळ्यांच्या डोक्यात चित्र असं की तिथे पीडितांनी क्षमा केली. प्रत्यक्षात आयोगाच्या हातात होती ती कायदेशीर माफी, म्हणजे खटल्यापासून सुटका, आणि तिच्यासाठी अट होती राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याचं संपूर्ण सत्य सांगण्याची. पश्चात्ताप व्यक्त करणं ही अट नव्हती. ७,११२ अर्ज आले, मंजूर झाले ८४९. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको १९७७मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारले गेले. त्यांच्या कुटुंबाने ही माफीची तरतूदच घटनाबाह्य आहे म्हणून आव्हान दिलं, आम्हाला सलोखा नको, न्याय हवा म्हणून. १९९६मध्ये घटना न्यायालयाने ते फेटाळलं. पुढे बिकोंच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांनी आयोगाकडे अर्ज केला तेव्हा १९९९मध्ये तो नामंजूर झाला.

टुटू स्वतः क्षमेचे कट्टर पुरस्कर्ते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण राज्याने दिलेली माफी आणि माणसाने केलेली क्षमा यांची गल्लत झाली की बिकोंच्या घरच्यांसारखे लोक देशाच्या मार्गातले अडथळे वाटायला लागतात. धागाकर्तीच्या घरात हेच लहान प्रमाणात चाललंय. घराला शांतता हवी आहे, तिची किंमत एकटीने द्यायची.

कोरा कागद

सगळे प्रतिसाद वाचतेय, आभार. घुबड यांचं शेवटचं वाक्य मी काकांना फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'अगं, तो ऐकणार नाही. तू ऐकतेस म्हणून तुला सांगतो.'

निदान प्रामाणिक उत्तर मिळालं.

मैथिली_२०

काकांना साष्टांग नमस्कार. संपूर्ण नीतिशास्त्र एका वाक्यात.

तर्कट

विचार करून लिहितो म्हटलं होतं, तर लिहितो. वाटसरूंचा कृतज्ञतेचा मुद्दा मला जर्मन तत्त्वज्ञ कांटकडे घेऊन गेला. त्याच्याकडे कर्तव्यांचे दोन प्रकार आहेत. कर्ज फेडणं हे पूर्ण कर्तव्य: किती, कोणाला, कधी, सगळं ठरलेलं, आणि समोरच्याला मागायचा हक्क. परोपकार हे अपूर्ण कर्तव्य: करायला हवा हे खरं, पण कोणावर, कधी, किती हे तुम्ही ठरवायचं, आणि अमुक एका माणसाला 'माझ्यावरच कर' म्हणायचा हक्क नाही. १७९७च्या ग्रंथात तो म्हणतो, माणसाने क्षमाशील असणं हे कर्तव्य आहे, पण अन्याय मुकाट्याने सोसत राहणं म्हणजे क्षमाशीलता नव्हे, कारण ते स्वतःचे हक्क दुसऱ्याच्या पायाखाली टाकणं झालं.

यावरून माझं मत थोडं सरकलं. जो आयुष्यात कोणालाच, काहीच, कधीच माफ करत नाही त्याच्यात मला दोष दिसतो. पण अमुक एकाला माफ केलं नाही एवढ्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही. धागाकर्तीच्या प्रश्नाला माझं उत्तर: क्षमाशील असणं, हो. भावाला क्षमा करणं, नाही.

मैथिली_२०

ऐकायला छान, पण यात पळवाट आहे. प्रत्येक वेळी 'मी तशी क्षमाशीलच आहे हो, फक्त या वेळी नाही' म्हणत जन्म काढता येईल. मग हे कर्तव्य मोडलं कधी, हे कळणार कसं?

तर्कट

परोपकाराचंही तसंच आहे. इतर कोणाला कळणार नाही, ज्याचं त्याला कळतं.

मैथिली_२०

आमच्या ओळखीत एक बाई आहेत, त्यांना अजून कळलेलं नाही.

बंडूनाना

व्यक्तिगत टिप्पणी टाळा. पण कोण ते माझ्या विचारपुशीत कळवा.

सुनंदा_क

तर्कट, विचार झाला. तुमची सॉरी पोचली. व्यायामाचं उदाहरण अजूनही टोचतं, पण भांडण नाही. आणि मला अजूनही वाटतं की झोप महत्त्वाची आहे.

वाटसरू

तर्कट यांची मांडणी बऱ्यापैकी मान्य. नीलकांती यांच्यामुळे माझं 'तीनदा'ही मी मागे घेतो. पण एका गोष्टीवर अजून अडून आहे. क्षमा करा किंवा करू नका, पण समोरच्याने खरोखर मागितली तर त्याला उत्तर देणं तरी लागतं ना? विझेन्थाल काही न बोलता निघून गेले, ते मला अजून खुपतं. 'नाही' म्हणायचं होतं तर म्हणायचं. मौन म्हणजे त्याला माणसांतून काढून टाकणं.

नीलकांती

नाही. उत्तरही लागत नाही. माझ्या बाबतीत त्याला क्षमा नकोच होती, संपर्क हवा होता. 'नाही' म्हटलं तरी तो संपर्कच. पुढचं पत्र 'नाही का?' असं येतं. मी नंबर बदलला, तेच माझं उत्तर. आणि विझेन्थाल कैदी होते हो. त्या खोलीत 'नाही' म्हणायची मोकळीक त्यांना होती का, हे कोणी विचारत नाही.

घुबड

हा कैदी असण्याचा मुद्दा मी माझ्या प्रतिसादात घालायला हवा होता. बरोबर आहे.

वाटसरू

जिथे धोका आहे तिथे मान्य, छावणीत तर निश्चितच. पण जिथे धोका नाही तिथे? कोरा कागद, उद्या तुमच्या भावाने येऊन सरळ विचारलं, परिस्थितीबिरिस्थिती काही न सांगता, तर तुम्ही उत्तर देणं लागता की नाही?

कोरा कागद

आधी विचारू दे तर खरं.